घरचं सॅम्पल

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते रसिकाच्या घराला तंतोतंत लागू होतं. डोंबिवलीत मानपाडा रोडवरच्या लॅबमध्ये रोज शंभर-सव्वाशे माणसं तिच्यापुढे बाही वर करून बसायची. "रसिकाताईच पाहिजे, तिची सुई कळत नाही," म्हणून म्हातारीकोतारी अर्धा अर्धा तास थांबायची. आणि शीळफाट्याजवळच्या गावात, तिच्या स्वतःच्या घरात, तिची सासू शेवंती सहा महिने डोळ्यांदेखत वाळत चालली होती, तर तिच्या रक्ताचा थेंबही कुणी तपासला नव्हता.

त्याला कारण होतं. एप्रिलात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, शेवंती सोळा दिवस ऑक्सिजनवर होती. दिवसाला चार चार सुया, वर पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं. घरी आली तेव्हा दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत काळेनिळे. "आता कोनी सुई दाखवली तर इहिरीत उरी टाकीन," असं तिनं दारातच जाहीर केलं. मरणाच्या दारातून परत आलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

पण ती काही पूर्वीसारखी झाली नाही. अंगण झाडायला घ्यायची आणि अर्ध्यावरच पायरीवर बसायची. साडी कमरेला ठरेना. चेहरा रापल्यासारखा काळवंडला, आणि ती तर घराबाहेरही पडत नव्हती. गावातले गोपीनाथ डॉक्टर म्हणाले, कोरोनाचा अशक्तपणा आहे, सहा महिने राहतो, बीपीची गोळी चालू ठेवा. शेजारपाजारही तेच म्हणाला. त्या वर्षी कुणाचं काहीही दुखलं तरी कोरोनाचा अशक्तपणा म्हणून गप्प करायची पद्धतच पडून गेली होती.

आणि मिठाचं तर विचारू नका. "कालवनात मीठ हाय का नाय?" हे रोजचं. वरून चिमूट चिमूट घ्यायची, सुकट तशीच चघळायची, एकदा तर रसिकानं तिला बरणीतले खडे तोंडात टाकताना पाहिलं. सासरे, म्हणजे धाकू, भडकायचे. "बीपीची बाई तू, मीठ कसली खातेस? मरायचा हाय का?" शेवटी त्यांनी बरणी माळ्यावर नेऊन ठेवली.

पण खरी बोचणी वेगळी होती. "मिठागरान पाट्या उचलायची ही, आता झारू उचलवत नाय," धाकू चारचौघांत म्हणायचे. भावकीतल्या बायका त्याहून पुढच्या. "सून नोकरीला जाते ना, मंग सासूची नाटकं सुरू." रसिका तसं कधी बोलली नाही. पण एकदा दिवसभर उभी राहून संध्याकाळी घरी आली, तर मोरीत सकाळची भांडी तशीच आणि शेवंती भिंतीला टेकून बसलेली. तेव्हा तिच्या मनात आलंच, की थकवा काय फक्त ह्यांनाच येतो? खोटं कशाला बोला, आलं.

शनिवारी सकाळी शेवंती चुलीशी उभी असताना कोसळली. मिनिटभरात सावध झाली, पण रसिका घाबरली. "आई, आज मी रक्त घेणार. माझी सुई आहे, परक्याची नाही," असं म्हणून तिनं पट्टा बांधला. शेवंतीनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि पदराचा बोळा दातांत धरला. शीर दोऱ्यासारखी बारीक. रक्त थेंबाथेंबानं आलं. रसिकानं ट्यूब भरली, डब्यासोबत स्कूटीच्या डिकीत ठेवली आणि निघाली.

कटई नाक्याला कंटेनर आडवा झालेला. कल्याण-शीळ रोडची कथा ठाण्या-डोंबिवलीच्या माणसाला वेगळी सांगायला नको. ऑक्टोबरच्या उन्हात दोन तास गाड्या जागच्या जागी. ती लॅबला पोचली तेव्हा तीस माणसं बाकांवर आणि सहा माणसं तिच्यावर चिडलेली. घरची ट्यूब बाजूलाच पडली.

आता त्या लॅबची एक रीत होती. स्टाफच्या घरच्यांचं रक्त तिथे फुकट तपासून व्हायचं. नाव कॉम्प्युटरवर चढवायचं नाही, पावती नाही. ट्यूबवर मार्करनं 'घर' एवढंच लिहायचं आणि दिवसाच्या शेवटी मशीनला लावायचं. लॅबच्या मालकीण, हेमांगी मॅडम, स्वतः पॅथॉलॉजिस्ट. नियमाच्या कडक, पण एवढ्यापुरता काणाडोळा करायच्या. एरवी प्रत्येक रिपोर्ट त्यांच्या नजरेखालून जायचा. काही भलतं दिसलं तर पेशंटच्या डॉक्टरला तिथल्या तिथे फोन. 'घर' लिहिलेली ट्यूब मात्र ज्यानं लावली त्यानंच वाचायची.

चारला रसिकानं ती लावली. आकडे आले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. पोटॅशियम सहा पूर्णांक आठ. पाचच्या वर गेलं की काळजी, साडेसहाच्या वर गेलं की हृदय कधीही बंद पडेल. साखर बावन्न. सोडियम एकशे चोवीस, निदान एकशे पस्तीस हवं.

लॅबमधल्या माणसाला एक गोष्ट पाठ असते. रक्त तसंच तासन्‌तास पडून राहिलं तर त्यातल्या पेशींमधून पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि आकडा खोटाच चढतो. त्याच पेशी साखर खातात, तिचा आकडा खोटाच उतरतो. सकाळी सातचं रक्त, गरम डिकी, दोन तास ट्रॅफिक, मग सहा-सात तास टेबलावर. "धत् तेरी, गेलं सॅम्पल!" ती स्वतःवरच वैतागली. आठ वर्षांचा अनुभव तिला सांगत होता की हे आकडे मानायचे नसतात. नवख्या पोरीनं घाबरून मॅडमना हाक मारली असती. रसिका नवखी नव्हती, हाच घोळ झाला. तिनं ट्यूब कचऱ्याच्या लाल डब्यात टाकली. सोमवारी नवीन घेऊ.

घरी आली तर नवरा, ऋतुराज, दारातच. एमआयडीसीतल्या कंपनीतून नुकताच आलेला, बूटही काढले नव्हते. "काय गं, काय आलं आईचं?" त्याच्यामागे शेवंती उभी. दंडावर कापूस तसाच चिकटवलेला, आणि नजर रसिकाच्या तोंडावर.

सॅम्पल खराब झालं म्हटलं की परत सुई आली. परत रुसवा, परत विहीर. आणि ज्या रसिकाची सुई कळत नाही तिनंच घरच्या रक्ताची माती केली, हे वर. दिवसभराची दमलेली होती ती. बोलून टाकलं तिनं, "नॉर्मल आहे सगळं."

"सगला?" शेवंतीनं विचारलं.

"हो आई, सगळं."

"बरं," शेवंती म्हणाली, आणि भांडी घासायला मोरीकडे गेली.

रविवारी शेवंती सर्वांच्या आधी उठली. अंगण झाडलं, मासळी साफ केली, भाकऱ्या थापल्या. धाकू खूश. "बघा, रिपोर्ट आला आन्‌ बाई बरी झाली! मी बोलत नवतो?" सगळे हसले. रसिकाही हसली. सोमवारी लॅबमध्ये दोन माणसं रजेवर होती, नवीन सॅम्पल घ्यायचं तिच्या डोक्यातूनच गेलं.

मंगळवारी साडेअकराला धाकूंचा फोन आला. "रसिका, ही सकालपासून ओकतंय गो. उठवत पन नाय. हातपाय थंड."

"किती वेळा झाल्या उलट्या?"

"मोजल्या कोनी? तू सांग, काय देऊ?"

"नारळपाणी द्या बाबा. घोट घोट पाजा. मी ऋतूला फोन करते."

"एक दिलाय. आनखी दोन आनतो."

"आणा, आणा," ती म्हणाली.

फोन खिशात टाकून ती मशीनपाशी आली, तर शेजारचा हितेश एक ट्यूब उजेडाला धरून बडबडत होता. तिच्यासारखाच टेक्निशियन, तिच्यापेक्षा ज्युनिअर. "हे बघ गं, पोटॅशियम सहा दोन. पण रक्त फुटलंय, वरचं पाणी बघ कसं लाल. आकडा खोटा आहे."

"मग रिपीट मागव."

"तेच करतोय. बाकी पेशंट ठणठणीत आहे. सोडियम बघ, एकशे एकोणचाळीस. सॅम्पल खराब असलं म्हणून सोडियम थोडंच पडतं असं?"

तो पुढे काहीतरी बोलत राहिला. रसिकाला ऐकू येईना. पडून राहिलेल्या रक्तात पोटॅशियम चढतं, मान्य. साखर उतरते, मान्य. पण सोडियम? ते का पडलं होतं? रक्त डिकीत तापल्यानं सोडियम एकशे चोवीसवर येत नाही. ते शेवंतीच्या अंगातच तेवढं होतं. आणि सोडियम खरं, तर मग पोटॅशियम खोटं कशावरून?

आणि नारळपाणी! पोटॅशियमनं भरलेलं नारळपाणी! तिनंच सांगितलं होतं, आणा, आणा.

तिनं धाकूंना फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. चौथ्यांदा उचलला. "बाबा, नारळपाणी बंद! एक थेंब देऊ नका!"

"अगो, तूच बोललीस ना? दुसरा चालू हाय."

"ओता ते! ओतून टाका म्हणते ना!" असं ती सासऱ्यांवर जन्मात ओरडली नव्हती.

मग कंपनीत ऋतुराजला फोन. घरी जा, शेजाऱ्याची गाडी घे, आईला कल्याण रोडवरच्या हॉस्पिटलला आण, मी थेट तिथेच येते. तो "काय झालंय?" विचारत होता, तिनं फोन ठेवला. मशीनच्या मेमरीत शनिवार शोधला. चार वाजून बारा मिनिटं, 'घर'. छापून घेतला. हातभर लांबीची चिठ्ठी, तिची घडी करून मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवली.

हेमांगी मॅडम काचेच्या केबिनमध्ये बसल्या होत्या. दार उघडून एक शब्द विचारला असता तर त्यांनी पाच मिनिटांत दिशा दाखवली असती. पण विचारायचं म्हणजे सांगायचं. "मॅडम, सासूबाईंना बरं नाही, जाते," एवढंच दारातून बोलून ती निघाली. माणूस घाबरला की आधी स्वतःलाच झाकतो.

हॉस्पिटलला ती आधी पोचली. फाटकाशी उभी राहून शीळच्या दिशेनं येणारी प्रत्येक पांढरी गाडी बघत राहिली. पंचवीस मिनिटं. तेवढ्यात तिनं मनात पन्नास वेळा घोकलं. गाडी आली की लगेच सांगायचं. ऋतूला बाजूला घेऊन सांगायचं. नाही, डॉक्टरला एकट्याला गाठून सांगायचं. आठ वर्षांत ती कुणाचा रिपोर्ट चुकली नव्हती, आणि चुकली ती नेमकी कुठे!

गाडी आली. ऋतुराजनं आईला उचलूनच आत आणलं. शेवंतीची मान त्याच्या खांद्यावर लोंबत होती, ओठ कोरडे, डोळे अर्धे उघडे. मागून धाकू, पायात चप्पल एकच.

तरुण डॉक्टर होता, खिशावर अपूर्व असं नाव. त्यानं भराभर तपासलं. "बीपी सत्तर-चाळीस. काय खाल्लेलं?"

"सुकट खाते ती जाम," ऋतुराज म्हणाला.

"पोट बिघडून पाणी गेलंय अंगातलं. सिस्टर, सलाईन फास्ट. ईसीजी मशीन बाजूच्या पेशंटकडे आहे, सुटलं की आणा. ह्यांचं जुनं काही? अलीकडे रक्त तपासलंय?"

"शनिवारीच," ऋतुराज लगेच म्हणाला. त्या गडबडीतही त्याच्या आवाजात अभिमान होता. "माझी बायको लॅबमध्ये आहे. तिनं स्वतः केलेलं. सगळं नॉर्मल."

डॉक्टर रसिकाकडे वळला. "इलेक्ट्रोलाइट्स केलेले? सोडियम, पोटॅशियम?"

"केलेले," ती म्हणाली.

"नॉर्मल?"

तिनं मोबाइलच्या कव्हरवर अंगठा दाबून धरला. ऋतुराजच बोलला, "नॉर्मल, डॉक्टर. नॉर्मलच."

"मग शनिवारपर्यंत ठीक होतं, आणि आता उलट्यांमध्ये पोटॅशियम गेलं असणार. सिस्टर, सलाईनमध्ये पोटॅशियमचं एक ॲम्प्यूल घाला. रक्तही पाठवा, पण रिपोर्टला तास जाईल."

सिस्टरनं ट्रॉलीवरून ॲम्प्यूल उचललं. टिचकी मारून औषध खाली उतरवलं. काच मोडल्याचा बारीक आवाज झाला.

"थांबा!" रसिका केवढ्यानं ओरडली! बाजूच्या पडद्यामागचा माणूसही डोकावला. "नका घालू! पोटॅशियम आधीच सहा आठ आहे!"

"काय?" डॉक्टर म्हणाला.

तिनं कव्हरमधून चिठ्ठी काढली. घडी उघडता उघडेना. डॉक्टरनं हातातून घेतली, वाचली, तारीख बघितली. "हे शनिवारचं आहे. मग नॉर्मल कोण म्हणालं?"

"मी."

ऋतुराजनं तिच्याकडे बघितलं. धाकूंना काही कळलं नव्हतं, ते एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे बघत होते.

"सॅम्पल पडून राहिलेलं," ती बोलत सुटली, आता थांबवणंच शक्य नव्हतं. "मला वाटलं आकडा खोटा आहे. घरी तसंच सांगून टाकलं. पण सोडियम पण पडलंय डॉक्टर, ते मी बघितलंच नाही नीट. आणि आत्ता दीड नारळाचं पाणी गेलंय पोटात, ते पण मीच सांगितलं."

"सिस्टर, ते टाकून द्या. ईसीजी आत्ता. आत्ता म्हणजे आत्ता!" डॉक्टरचा आवाज चढला होता. पट्टी निघाली, तिच्यावरचे उंचवटे सुळ्यांसारखे टोकदार, म्हणजे पोटॅशियम खरंच चढलेलं. हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन गेलं. मॉनिटरवरची रेघ मध्येच अडखळायची.

मग तो डॉक्टर शेवंतीच्या उशाशी वाकला. आता तो घाईत नव्हता. तिचा ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या, तळहात उलटे करून रेषा बघितल्या. रेषा शाईनं गिरवल्यासारख्या काळ्या होत्या. "ह्या पहिल्यापासून अशा काळ्या?"

"कोरोनानंतर," रसिका म्हणाली.

"कोविड कधी? ऑक्सिजन? रक्त पातळ करायची इंजेक्शनं? वजन उतरलं?" प्रश्नावर प्रश्न. आणि मग, "मीठ खूप खातात का?"

धाकू चमकले. "खाते. खडंच्या खडं खाते. मी लपवून ठेवलं, बीपी हाय म्हनून."

"त्या खात होत्या म्हणून आजवर चाललं, काका," डॉक्टर म्हणाला आणि फोन घेऊन कोपऱ्यात गेला. सीनिअरशी दोन मिनिटं बोलला. परत आला तेव्हा सिस्टरला म्हणाला, "कॉर्टिसॉलचं रक्त घ्या आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोन द्या. रिपोर्टची वाट बघायची नाही."

अंगात कमी पडलेलं हार्मोन भरून काढणारं ते इंजेक्शन जात असताना त्यानं सगळ्यांना सांगितलं. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. अंगात मीठ धरून ठेवणं, बीपी सांभाळणं, आजारात शरीराला बळ पुरवणं, हे त्यांच्या कॉर्टिसॉलसारख्या हार्मोन्सचं काम. कोविडमध्ये काहींच्या ह्या ग्रंथींना मार बसतो. कुणाची साखर बिघडते, कुणाचं थायरॉइड, तसं ह्यांचं हे झालं असावं, काळवंडणं त्याचीच खूण. नक्की स्कॅन सांगेल. "सहा महिने ह्या बाई रिकाम्या टाकीवर चालत होत्या. वर बीपी खाली आणायची गोळी चालू. कशा उभ्या राहत होत्या, मला नवल वाटतं."

धाकू तिथेच बाकावर बसले. चप्पल नसलेला पाय दुसऱ्या पायावर घेतला.

बाहेरच्या पॅसेजमध्ये ऋतुराज म्हणाला, "तू मला नॉर्मल म्हणालीस."

"सॅम्पल खराब झालं असं वाटलं रे. परत सुई म्हटलं की आई…"

"मग सॅम्पल खराब झालं म्हणायचं ना! एवढंच म्हणायचं होतं. मी काय खाल्लं असतं तुला?" तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "मी आत डॉक्टरला छाती फुगवून सांगत होतो, आणि तू ऐकत उभी होतीस."

तो औषधं आणायला गेला.

दोन वाजता बीपी ब्याऐंशी झालं. चार वाजता चांगलं शहाण्णव. सहाच्या सुमाराला शेवंतीनं डोळे उघडून विचारलं, "मना भूक लागली, जेवन हाय का?" आणि धाकू सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले. रसिका खाली उतरली, पार्किंगमध्ये उभी राहून हेमांगी मॅडमना फोन केला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "माझीही चूक आहे. उद्यापासून 'घर' बंद. कुणाचंही असो, नाव चढल्याशिवाय ट्यूब मशीनला लागणार नाही. तुझं काय करायचं ते समोर बसून बोलू." फोन ठेवताना सासूबाई कशा आहेत हे मात्र त्यांनी दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवंती उशीला टेकून बसली होती. पेज संपवली होती, आवाजात जोर आला होता. गावातून कोणी कोणी भेटून गेलं. धाकू प्रत्येकाला तेच सांगत होते. "सून होती म्हनून वाचली. डॉक्टर चुकीचा औषध घालत होता, हिनं हात धरला त्याचा." ऋतुराज ते ऐकून खिडकीबाहेर बघायचा. खोडून काढत नव्हता. हे असंच राहू दिलं असतं तरी चाललं असतं. गावानं तिला डोक्यावर घेतलं असतं, आणि शेवंतीला कधी कळलंही नसतं.

रसिकानं दोघांना चहाला पाठवलं. स्टूल पलंगाजवळ ओढलं.

"आई, एक सांगायचंय. शनिवारी तुमचा रिपोर्ट नॉर्मल नव्हता."

शेवंती उशीवरून सरळ झाली.

"आकडे वाईट होते. मला वाटलं रक्त खराब झालंय म्हणून तसे आलेत. मी फेकून दिलं आणि घरी खोटंच सांगितलं. शनिवारीच सांगितलं असतं तर ही वेळ आली नसती. बाबा सांगतात तसं काही नाही. मी वाचवलं नाही तुम्हाला, मीच घालवलं होतं." एका दमात बोलून ती थांबली. आता शिव्या येणार, ह्या तयारीनं ओढणीचं टोक मुठीत धरून बसली.

शिव्या आल्या नाहीत. शेवंतीनं विचारलं ते भलतंच. "शनवारी त्या मशीनला समजलेला? मना काय तरी झायलाय हा?"

"हो आई."

"मंजे मी नाटकं करत नवती."

"नाही हो आई. कोण म्हणतं?"

"सगलीच बोलतान." तिनं पांघरुणावरून हात फिरवला. "मी आयकून घ्यायची. मना वाटायचा, बोलूदे, मना माझा मायती हाय. पन तू मशीनवाली. तू बोललीस सगला नॉर्मल. मंग मीच मना बोलली, शेवंते, तूच खोटी गो. तुना काय पन नाय, तू आलशी झायलीस." तिचे डोळे भरून आले. "आयतवारी झारू मारला ना, तवाच दोनदा ओकली मी, मोरीन. सोमवारी चारदा. पानी ओतला वरून, कोनाला सांगला नाय. कसा सांगू? तुझा रिपोर्ट नॉर्मल आलेला."

रसिका त्या रविवारच्या अंगणाकडे मनात परत परत बघत राहिली. झाडलेलं अंगण, साफ केलेली मासळी, सगळ्यांचं हसणं. पोटॅशियमची चूक डॉक्टरनं निस्तरली होती. ही कोण निस्तरणार? आठ वर्षं ती लोकांना रिपोर्ट देत होती, आणि कागदाच्या पलीकडे माणूस त्या एका शब्दाचं काय करतो हे तिला कधी दिसलंच नव्हतं. तिला रडू फुटलं. "चुकलं आई, माझं चुकलं," एवढंच ती म्हणत राहिली.

शेवंतीनं तिला जवळ घेतलं नाही, आणि दूरही लोटलं नाही. पदरानं स्वतःचे डोळे पुसले. "रड मंग, रड. मी काय बोलनार नाय." थोड्या वेळानं म्हणाली, "वाईट वाटलाय मना. लय वाईट वाटलाय, तुना सांगतंय."

तेवढ्यात सिस्टर कागद घेऊन आली. काल पाठवलेल्या रक्ताचा आणि पोटाच्या स्कॅनचा रिपोर्ट. सवयीनं तिनं तो रसिकाच्या हातात दिला. रसिकानं नजर फिरवली. कॉर्टिसॉल जवळजवळ नाहीच. स्कॅनमध्ये दोन्ही ग्रंथींत जुना रक्तस्राव दिसत होता. म्हणजे गोळ्या जन्मभर, एक दिवसही चुकवायच्या नाहीत, आणि ताप आला तरी डोस वाढवायचा.

"काय हाय त्यान?" शेवंतीनं विचारलं.

रसिकाच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं होतं, काही नाही, ठीक आहे. तिनं नाक पुसलं, स्टूल आणखी पुढे ओढलं आणि कागद दोघींना दिसेल असा पांघरुणावर पसरला.

"चांगला नाहीये आई. वाचू?"

"वाच. सगला वाच. कमी करू नको."

रसिकानं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला लागली. शेवंती प्रत्येक आकड्याला थांबवून विचारत होती, हा किती पायजे, आन्‌ माझा किती हाय.